निवेदन कुणाच्या टेबलावर थांबलंय, ते आधी शोधा

चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला असलेल्या एका गावातून एका तरुणाने प्रश्न पाठवलाय. गावापासून चार किलोमीटरवर एका संस्थेची अनुदानित आश्रमशाळा आहे. त्याच्या बहिणीची दोन मुलं तिथे शिकतात. मुलं फरशीवर झोपतात, वरण म्हणजे पिवळं पाणी असतं, आणि तपासणीच्या दिवशी आजूबाजूच्या पाड्यांवरून मुलं आणून वर्गात बसवतात. गावातलं दुखणं वेगळं आहे. जलजीवन मिशनची टाकी बांधून दीड वर्ष झालं, घरोघरी नळ आले, पण पाणी आठ-दहा दिवसांनी येतं आणि तेही गढूळ. पोरांनी तहसीलदारांपासून पालकमंत्र्यांपर्यंत पाच निवेदनं दिली, पेपरात फोटो आले, काम मात्र काहीच झालं नाही. आता पंधरा ऑगस्टला जिल्हाधिकारी कार्यालयासमोर उपोषणाला बसायचं का, असं तो विचारतो.

भाऊ, मी एकवीस वर्षं महसूल खात्यात कारकुनी केली, त्यातली सहा वर्षं आवक-बारनिशीत, म्हणजे आलेल्या टपालाची नोंद होते त्या टेबलावर, गेली. निवृत्तीनंतर लोकांचे अर्ज लिहून देतो आणि त्यांचा पाठपुरावा करतो. तुमच्या निवेदनांचं काय झालं असेल, हे मी इथे बसून सांगू शकतो.

निवेदन साहेबांच्या हातात दिलं, फोटो निघाला. साहेबांनी कोपऱ्यात शेरा मारला आणि कागद टपालात गेला. बारनिशीत नंबर पडून तो एका कार्यासनाकडे, म्हणजे तो विषय सांभाळणाऱ्या टेबलाकडे, आला. तिथल्या कारकुनाने दोन ओळींचं पत्र काढलं: 'सोबतच्या निवेदनाचे अवलोकन व्हावे. नियमानुसार योग्य ती कार्यवाही करून संबंधितास परस्पर कळवावे.' आश्रमशाळेसाठी एक प्रत यावलच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाला गेली, पाण्यासाठी एक जिल्हा परिषदेला. हे पत्र जावक झालं त्या क्षणी त्या कारकुनापुरतं तुमचं निवेदन निकाली निघालं. महिनाअखेरच्या गोषवाऱ्यात ते शिल्लक दिसणार नाही. जिल्हा परिषदेतून तेच पत्र तालुक्याच्या उपविभागाला आणि तिथून ग्रामपंचायतीला येतं. म्हणजे ज्या ग्रामसेवकाविरुद्ध (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) तुम्ही तक्रार केली, त्याच्याच दप्तरात ते येऊन पडतं. या सगळ्या प्रवासात कुणी खोटं बोललेलं नसतं, कुणी पैसे खाल्लेले नसतात, आणि कामही झालेलं नसतं.

तुम्ही पाठवलेली निवेदनाची प्रत वाचली. सात जणांना उद्देशून नऊ मागण्या आहेत. असा कागद कुणाचाच नसतो. एका कागदावर एकच मागणी, आणि तो कागद ज्या माणसाच्या सहीने ते काम होतं त्याच्याच नावाने, ही सवय आधी लावून घ्या. मंत्र्याला प्रत द्या, पण मूळ अर्ज त्या टेबलावर गेला पाहिजे. आणि आवक नंबर, तारीख, शिक्का असलेली पोच हातात आल्याशिवाय जागेवरून हलू नका. व्हॉट्सॲपवरचा फोटो ही पोच नव्हे.

आता आश्रमशाळा. एक गोष्ट सगळ्यात आधी विचारतो: तिथे एखाद्या मुलाला मारहाण होते का, मुलीच्या अंगाला कुणी हात लावतं का? तसं काही कानावर आलं असेल तर निवेदन नको, माहिती अधिकार नको, पंचांची बैठक तर अजिबात नको. त्याच दिवशी १०९८ वर फोन आणि पोलीस ठाणं. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने, मुलावरचा लैंगिक अत्याचार कळूनही न कळवणं हा गुन्हा आहे, मग तो मुख्याध्यापक असो की अधीक्षक. आपल्याकडे 'पोरीचं नाव खराब होईल' म्हणून प्रकरणं मिटवतात. मिटवणाऱ्यांत गावातली शहाणी म्हणवणारी माणसंही असतात, हे मी पाहिलंय आणि त्याचा मला आजही संताप येतो.

तसं काही नसेल आणि प्रश्न जेवणाचा, अंथरुणाचा, खोट्या हजेरीचा असेल, तर मात्र घाई करू नका. तुम्ही आधी निवेदनं दिली, ही माझ्या मते चूक झाली. संस्था सावध झाली असणार. इथून पुढे कागद हातात आल्याशिवाय एक शब्द बोलू नका.

अनुदानित आश्रमशाळेला सरकार दर विद्यार्थ्यामागे दरमहा परिपोषण अनुदान, म्हणजे मुलांच्या जेवण-राहण्याचे पैसे, देतं. म्हणजे पटावरचं एकेक नाव म्हणजे पैसा. बाहेरून मुलं आणून बसवण्याचं कारण तेच. त्यामुळे भांडण पातळ वरणापासून सुरू करू नका, हजेरीपासून करा. वरण चांगलं होतं की वाईट, यावर दोन्ही बाजू दिवसभर बोलू शकतात. हजेरीपटावर एकतर मूल होतं किंवा नव्हतं.

माहिती अधिकाराचा अर्ज संस्थेला करू नका. सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांना हा कायदा लागू होतो, सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये डीएव्ही महाविद्यालयांच्या प्रकरणात ते सांगितलंय. पण संस्थेकडे अर्ज गेला की रजिस्टरं नव्याने लिहिली जातात. तीच कागदपत्रं अनुदानाच्या देयकांसोबत प्रकल्प कार्यालयात गेलेली असतात. अर्ज यावलला, जोडपत्र 'अ' या ठरलेल्या नमुन्यात, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. आपल्या राज्याच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्द. त्यात 'का' विचारू नका. 'मुलांना गाद्या का दिल्या नाहीत' हा प्रश्न झाला, माहिती नव्हे, आणि असा अर्ज ते आनंदाने परत करतात. असं लिहा: 'मागील शैक्षणिक वर्षात सदर आश्रमशाळेस अदा केलेल्या परिपोषण अनुदानाच्या देयकांच्या प्रती, सोबत जोडलेली महिनावार विद्यार्थी उपस्थिती, याच कालावधीत प्रकल्प कार्यालयाने केलेल्या तपासण्यांचे अहवाल व त्यावरील अनुपालन अहवाल.' शेवटचे दोन शब्द विसरू नका. तपासणी अधिकारी पुष्कळदा खरं लिहून जातो: गाद्या नाहीत, स्वच्छतागृह बंद, धान्यसाठ्यात फरक. पुढे त्याचं काय केलं, हा कागद मात्र सापडत नाही. आणि तो नसणं हाच तुमचा पुरावा असतो.

काही वर्षांपूर्वी एका आश्रमशाळेची अशी कागदपत्रं आम्ही मिळवली. गठ्ठा मोठा होता, महिनाभर काहीच हाती लागेना. मग पावरा या आदिवासी समाजातल्या एका बाईने, जी स्वतः शाळेत गेलेली नव्हती, विचारलं की होळीचं काय लिहिलंय? होळीच्या आठवड्यात पट जवळजवळ पूर्ण भरलेला होता. होळीचा भोंगऱ्या बाजार, म्हणजे आदिवासींचा सणाचा बाजार, लागलेला असताना सातपुड्यातलं कोणतं लेकरू वसतिगृहात राहतं? दिवाळीला एकवेळ राहील, होळीला नाही. त्या पाड्यांवरच्या तेवीस पालकांनी, मुलं त्या दिवसांत घरी होती, असे जबाब लिहून दिले. प्रकल्प कार्यालयाला पुढे चौकशी लावावी लागली आणि संस्थेकडून वसुलीचा आदेश निघाला. अकरा महिने लागले. कुणी तुरुंगात गेलं नाही, पण पुढच्या जूनमध्ये तिथे गाद्या आल्या. तुमच्या बहिणीकडे असंच काहीतरी ठाऊक असणार, जे कोणत्याही अधिकाऱ्याला ठाऊक नाही. ते तिला विचारा.

अर्जावर सही मात्र तिची नको. तिची मुलं त्यांच्या ताब्यात आहेत. ज्यांचं कुणी तिथे शिकत नाही अशा दोघा-तिघांनी अर्ज करावेत. माहिती कशासाठी हवी, हे सांगायची कायद्याने गरज नाही. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं, तर पुढच्या तीस दिवसांत त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील, आणि तिथेही नाही झालं तर नव्वद दिवसांत नाशिकच्या माहिती आयोगाच्या खंडपीठाकडे दुसरं. दुसऱ्या अपिलाला तारीख लागायला फार वेळ जातो. म्हणून पहिल्या अपिलाच्या सुनावणीला स्वतः जा, बसा, बोला. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त कागद तिथेच मिळतात, कारण अपिलीय अधिकाऱ्याला ते प्रकरण आपल्या नावाने नाशिकला गेलेलं नको असतं.

कागद मिळाले की मग तक्रार. प्रकल्प अधिकाऱ्यांना एक, आदिवासी विकासाच्या नाशिकच्या अपर आयुक्तांना एक. संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल तर सहायक धर्मादाय आयुक्तांकडे कलम ४१ ब खाली चौकशी मागता येते, पण तो लांबचा रस्ता आहे, वकील लागतो, आणि त्यात मुलांचं जेवण सुधारत नाही. सध्या तिकडे जाऊ नका. शाळेच्या व्यवस्थापन समितीचं मात्र बघा. शिक्षण हक्क कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. ही समिती कागदावर नक्की असणार. त्यातल्या आयाबायांना आपण सभासद आहोत हे माहीत तरी आहे का, ते विचारून या.

पाण्याचा प्रश्न याच्या अगदी उलट आहे. इथे लपवायचं काही नाही, जितकं उघड तितकं बरं. पण तुमच्या निवेदनात 'पाणीटंचाईमुळे नागरिकांचे अतोनात हाल होत आहेत' असं लिहिलंय. हे वाक्य मी बारनिशीत असताना रोज वाचायचो. तुमच्या आयाबहिणींनी 'आमना नळले पानी येस नही' असं म्हटलं तर त्यात जीव असतो, कागदावर आलं की तो जातो. कागदाला तारीख लागते. दोन महिने पाच-सहा घरांतल्या बायकांना कॅलेंडरवर खूण करायला सांगा: पाणी आलं तो दिवस, किती वाजता, किती मिनिटं, किती हंडे. जलजीवन मिशनचं माप माणशी रोज ५५ लिटर आहे. तुमच्या गावची वस्ती अठराशे म्हणता, म्हणजे रोज ९९ हजार लिटर पाणी गावात यायला हवं. ते आठ-दहा दिवसांनी येत असेल, तर कमी पाणी येतं हे वाटणं राहत नाही, तो हिशेब होतो. कार्यकारी अभियंत्याला हालअपेष्टांवर उत्तर देता येतं, या हिशेबावर देणं अवघड जातं.

नंतर एकच प्रश्न शोधून काढा, कारण सगळी गाठ तिथेच आहे: योजना ग्रामपंचायतीकडे हस्तांतरित झाली आहे का? झाली नसेल तर काम अजून ठेकेदाराचं आणि जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाचं आहे. झाली असेल तर वीजबिल, मोटर, पाणी सोडणारा माणूस, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर, सगळं ग्रामपंचायतीवर आलं. दीड वर्षं तुम्हाला सरपंच जिल्हा परिषदेकडे आणि जिल्हा परिषद सरपंचाकडे पाठवते आहे, त्याचं कारण हा एक कागद तुम्ही पाहिलेला नाही. माहिती अधिकारात तो मागा. सोबत अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका आणि पूर्णत्वाचा दाखला. मोजमाप पुस्तिकेत किती मीटर पाइप टाकला ते लिहिलेलं असतं. गावातली पोरं एका दुपारी टेप घेऊन गल्ल्या मोजू शकतात. या कायद्यात कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचा नमुना घेण्याचाही हक्क आहे, तो फार थोडे लोक वापरतात.

गढूळपणासाठी पाण्याचा नमुना ग्रामपंचायतीमार्फत प्रयोगशाळेत पाठवायला लावा. अहवालावर 'पिण्यास अयोग्य' आलं, की विषय पाणीपुरवठ्याचा राहत नाही, आरोग्याचा होतो. पाण्याच्या फाइलीपेक्षा साथीच्या भीतीची फाइल खूप वेगाने फिरते.

तुम्ही पहिल्या सोमवारच्या लोकशाही दिनाला गेला होता आणि अर्ज घेतला नाही, म्हणून चिडलात. तिथे तक्रार वैयक्तिक स्वरूपाची लागते, अर्ज विहित नमुन्यात पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. गावाच्या सह्यांचं निवेदन नियमातच बसत नाही. पण 'माझ्या घरच्या नळजोडणीला अमुक तारखेपासून पाणी नाही' ही एका माणसाची वैयक्तिक तक्रार आहे. अशा चाळीस बायकांचे चाळीस वेगळे अर्ज जाऊ द्या. आमच्या वेळी एका गावाने असं केलं होतं. चाळीस नंबर पडले, चाळीस उत्तरं द्यायची वेळ आली, आणि उपअभियंता सुनावणीच्या आधीच गावात येऊन गेला.

पाच जुन्या निवेदनांचंही सोडू नका. प्रत्येकाचा आवक नंबर घालून विचारा: यावरची टिपणी, आजवरचा पत्रव्यवहार, कोणत्या कर्मचाऱ्याकडे किती दिवस होतं त्याची नोंद. २००५ चा दप्तर दिरंगाईचा कायदा सांगतो की साधारणपणे कोणत्याही कर्मचाऱ्याकडे फाइल कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. त्यातून कुणाला शिक्षा झालेली मी फार पाहिली नाही. पण आपलं नाव कागदावर मागितलंय हे कळलं की माणूस फाइल पुढे ढकलतो, हे मी स्वतः ढकललेल्या फाइलींवरून सांगतो.

आमदारांकडे जरूर जा, फक्त रस्ता करून द्या म्हणायला नको. अधिवेशनाच्या महिना-दीड महिना आधी, कागद सोबत घेऊन, आश्रमशाळेच्या विषयावर तारांकित प्रश्न लिहूनच न्या. स्वतःचे आमदार त्या संस्थेच्या जवळचे असतील तर दुसऱ्या तालुक्याचे शोधा, प्रश्न कुणीही विचारू शकतो. मंत्रालयातून 'एलएक्यू', म्हणजे विधानसभेतला असा प्रश्न, आला की जिल्ह्याच्या कार्यालयात रात्री दिवे चालू असतात. सहा महिने न मिळालेली माहिती दोन दिवसांत गोळा होते.

आता उपोषण. मी आंदोलनाच्या विरोधात नाही. शहाद्याकडे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अंबरसिंग महाराजांच्या मागे आदिवासी उभे राहिले नसते, तर सावकार-जमीनदारांकडे गेलेल्या जमिनींचा विषय कुणी काढलाच नसता. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा राज्याने १९७४ चा केला, तो अशाच रेट्यातून. पण पंधरा ऑगस्टचं उपोषण नको. त्या तारखेचे इशारे प्रत्येक जिल्हाधिकारी कार्यालयात ढिगाने येतात. सगळ्यांना एकच छापील पत्र जातं, 'उपोषणापासून परावृत्त व्हावे', आणि तुमचा विषय अभियंत्याच्या टेबलावरून उठून पोलिसांच्या टेबलावर जातो. अधिकारी झेंडावंदनाच्या गडबडीत असतात. संध्याकाळी कुणीतरी सरबत घेऊन येतो, लेखी आश्वासन देतो, त्यात पुन्हा 'योग्य ती कार्यवाही'. बसायचंच असेल तर कागद पूर्ण झाल्यावर, कामाच्या दिवशी, ज्या कार्यालयात फाइल अडली आहे त्याच्याच दारात बसा. आणि पदनाम, काम, तारीख या तीन गोष्टी लिहून मिळाल्याशिवाय उठू नका.

तुमच्या निवेदनाच्या शेवटी 'अन्यथा आत्मदहन करू' असं आहे. ते खोडा, भाऊ. आमच्या धुळे जिल्ह्यातल्या विखरणचे धर्मा पाटील, वय ऐंशीच्या पुढे, जमिनीच्या मोबदल्यासाठी हेलपाटे मारून थकले. २२ जानेवारी २०१८ ला त्यांनी मंत्रालयात विष घेतलं आणि २८ जानेवारीला ते गेले. त्यानंतर फाइली हलल्या. हे खरं आहे आणि ते फार वाईट खरं आहे. पण त्या वाक्याला मी कधीच कागदावर येऊ देत नाही. कुणी पोरगा मनातून खरंच तसं बोलत असेल, तर अर्ज बाजूला ठेवा आणि आधी त्याच्याजवळ बसा. त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना सांगा, डॉक्टरकडे न्या.

किती दिवस लागतील, असंही तुम्ही विचारलंय. पाण्याला, हिशेब नीट ठेवला तर तीन-चार महिने. आश्रमशाळेला वर्ष धरा. जळगावच्या घरकुल योजनेतल्या गैरव्यवहाराच्या प्रकरणात त्या वेळच्या आयुक्तांच्या तक्रारीवरून २००६ मध्ये गुन्हा दाखल झाला, आणि धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवलं ते ३१ ऑगस्ट २०१९ ला. तेरा वर्षं. तक्रार करणारा अधिकारी कधीच बदलून गेला होता, कागद तिथेच होते. तुमचं प्रकरण एवढं मोठं नाही. पण उद्या औरंगाबाद खंडपीठात जायची वेळ आलीच, तर वकील पहिली गोष्ट विचारेल ती ही, की आधी कुणाकडे, कोणत्या तारखेला लेखी मागितलं होतं. खान्देशच्या माणसाला आयुक्त नाशिकला आणि हायकोर्ट छत्रपती संभाजीनगरला, दोन दिशांना धावावं लागतं. तोवर फाइल घट्ट बांधलेली असू द्या, तिच्या दोन प्रती करा आणि दोन वेगवेगळ्या घरांत ठेवा.

पंधरा ऑगस्टला ग्रामसभा असते, तिथे बसा. सात दिवस आधी ग्रामसेवकाला लेखी द्या की हस्तांतरणाचा कागद आणि पाणी तपासणीचा अहवाल सभेत वाचावा. बायकांना कॅलेंडरं घेऊन यायला सांगा. ठराव शब्दशः लिहिला जातोय का, ते शेजारी उभं राहून बघा, आणि प्रोसिडिंगची प्रत त्याच आठवड्यात मागा. कोरमअभावी सभा तहकूब झाली, तर तहकुबीची तारीखही लिहून घ्या. पंधरा टक्के मतदार किंवा शंभर, यांपैकी जे कमी असेल तेवढी माणसं लागतात. तुमचं गाव पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांचा खास कायदा लागू असलेल्या भागात असेल, तर पाड्याच्या ग्रामसभेचे नियम आणि अधिकार वेगळे आहेत. पंचायत समितीत पेसा समन्वयकाला भेटून ते आधी खात्री करून घ्या.

यावलच्या अर्जाचा मसुदा झाला की मला पाठवा, दीडशे शब्दांत बसवून देतो. आणि बहिणीला आज रात्रीच फोन करा. यंदा मुलं होळीला कोणत्या दिवशी घरी आली, कोणत्या दिवशी परत गेली, सोबत पाड्यावरची आणखी कोण कोण होती, हे तिला आठवतंय तोवर वहीत लिहून ठेवायला सांगा.